वाफेवरचं इंजिन

दिवसभरात दगडोबा पांचाळ बायकोशी दोनच शब्द बोलायचा. एक 'फिरव' आणि दुसरा 'थांब'. हिंगोलीत त्यांच्या गल्लीला याचं आता नवल राहिलं नव्हतं. पडवीत खराद मांडलेला, त्याच्याशी हत्यार धरून दगडोबा उभा, आणि चार हात मागे धुरपताबाई मोठ्या लाकडी चाकाची मूठ धरून बसलेली. तिनं चाक फिरवलं की चामड्याच्या पट्ट्यानं खराद फिरे, खरादात धरलेलं पितळ फिरे, आणि दगडोबा त्याच्यावरून केसाएवढी साल काढी. असा खराद खरं तर एकट्या माणसानं पायानं चालवायचा. पण दगडोबाचा उजवा गुडघा जिनिंगमधल्या पट्ट्यानं कधीच खाल्लेला होता. तेव्हा नजर त्याची आणि हात तिचे, असं दोन वर्षं चाललं होतं.

चाललं होतं म्हणजे रेटलं जात होतं. तिचा खांदा दुखे, त्याची कंबर धरे, आणि दिवस मावळेपर्यंत हाती काय लागे, तर चिमूटभर पितळेचा भुगा.

दगडोबा इंजिन करत होता. वीतभर लांब, चार बोटं उंच, पण खरं, वाफेवर चालणारं. जिनिंगमधलं मोठं इंजिन अठ्ठावीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं. मग लढाई आली, लोखंडाला सोन्याचा भाव आला, मालकानं तेलावरचं इंजिन बसवलं आणि वाफेचं इंजिन तोडून आगगाडीनं पाठवून दिलं. तोडणारे घण घेऊन आले त्या दिवशी दगडोबा त्यांच्या पाया पडला नाही की रडला नाही. त्यानं मालकाकडे फक्त दोन तुकडे मागितले, एक बिडाचा आणि एक पितळेचा. मालक म्हणाला, ने. म्हातारा झालेल्या माणसाला तुकडा द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं?

गल्लीतली माणसं सुरुवातीला येऊन बघायची.

"मिस्तरी, ह्याच्यावर कापूस किती निघंल दिवसाचा?"

"तुझ्या उशीपुरता निघंल," दगडोबा वर न बघता म्हणायचा. हळूहळू येणारे कंटाळले. खेळणं करून राहिला म्हातारा, म्हणाले, आणि गेले. शेजारचा गुलाबसिंग तेवढा अधूनमधून डोकावे, पण तोही उंबऱ्याबाहेरूनच.

खेळणं ते नव्हतं. ते कशासाठी होतं हे दगडोबानं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. कारण ते तिच्यासाठीच होतं.

चौदा वर्षांमागे, शिमगा होऊन गेला आणि गावात पटकी आली. जिनिंगचा हंगाम अजून संपला नव्हता. दगडोबाची एकुलती एक लेक मंजुळा, नऊ वर्षांची, सकाळी चांगली भाकर खाऊन उठली आणि घटकाभरात ओकाऱ्यांनी आडवी झाली. गुलाबसिंग निरोप घेऊन जिनिंगच्या दारावर गेला. दगडोबा इंजिनावर होता. तासाभरानं गुलाबसिंग दुसऱ्यांदा गेला. दुपारी दगडोबा घरी आला तेव्हा बायकांनी पोरीला आंघोळ घातली होती.

धुरपताबाईनं त्याला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, नंतर कधीच नाही. विचारलं असतं तर दगडोबापाशी उत्तर तयार होतं. बायलरमध्ये वाफ भरलेली असताना इंजिन टाकून जाता येत नाही. पाणी उतरलं, वाफेच्या दाबाच्या काट्यावरची नजर हलली, तर बायलर फुटतो आणि पन्नास माणसं भाजून निघतात. हे उत्तर त्यानं इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की त्याच्या कडा झिजून ते गुळगुळीत झालं होतं. पण न विचारलेल्याला उत्तर कसं द्यायचं? आणि जिनं इंजिन कधी डोळ्यांनी पाहिलं नाही तिला काय समजवायचं? जिनिंगच्या इंजिनघरात बाईमाणसाला मज्जाव होता. अठ्ठावीस वर्षं ती भाकरीचं फडकं दारावर देऊन परत फिरली. आपल्या नवऱ्याला दिवसभर काय धरून ठेवतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून तिला ते दाखवायचं होतं. वाफ कशी भरते, चाक कसं धावतं, आणि त्याच्यापासून नजर का काढता येत नाही. एकदा तिनं ते बघितलं की मग तो एवढंच म्हणणार होता, 'बघ, ह्याला टाकून कसा येणार होतो मी?'

घाई होती ती डोळ्यांची. डाव्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता, उजव्यात धरला होता. उजवा डोळा जायच्या आत हे व्हायला हवं होतं.

आणि दसऱ्याला ते झालंही होतं, जवळजवळ. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, त्या दिवशी खराद बंद. दुसऱ्या दिवशी दगडोबानं नळकांड्यात दट्ट्या घालून पाहिला. नळकांडं बिडाचं, आतून बरोबर एक इंच. दट्ट्या पितळेचा. नळकांडं उभं धरलं की दट्ट्या आपल्या वजनानं सावकाश खाली उतरायला हवा, आणि खालचं तोंड बोटानं दाबलं की मध्येच थांबायला हवा, कारण खालची हवा बाजूनं निसटता कामा नये. तो उतरला. बोट लावताच थांबला. दगडोबानं सगळं जुळवलं आणि नळीला तोंड लावून फुंकर घातली. चाक भिर्र फिरलं. आता बायलर तेवढा राहिला, असं म्हणून त्यानं इंजिन देवळीशेजारच्या फळीवर ठेवलं.

दिवाळी झाल्यावर खाली काढलं तर चाक हलेना.

दगडोबानं बोटानं रेटलं. चाक कसंबसं अर्धा फेरा गेलं आणि रुतलं. फुंकर मारून त्याचे गाल दुखले. त्याला वाटलं, आत कुठंतरी खडबडीत राहिलंय, आपल्या डोळ्यांना दिसलं नाही. त्यानं इंजिन खोललं, कुरुंदाची बारीक पूड तेलात कालवली, दट्ट्याला लावली आणि दोन दिवस नळकांड्यात वरखाली घासत बसला. पुन्हा जुळवलं. फिरलं. फळीवर ठेवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा रुतलं.

असं तीनदा झालं. थंडी गेली, ज्वारीची सुगी गेली, आणि दगडोबा खोलत होता, घासत होता, जुळवत होता. प्रत्येक वेळी तो थोडा खचे. रॉकेल मिळत नव्हतं, नाहीतर त्यानं सगळं धुऊन काढलं असतं. चिंध्यांनी पुसून काम भागवावं लागे. त्याच्या हातानं अठ्ठावीस वर्षं एवढं मोठं धूड कधी अडू दिलं नव्हतं आणि आता वीतभर इंजिन त्याला वाकुल्या दाखवत होतं. हात संपला आपला, असं त्याला वाटू लागलं. डोळे गेले तर माणूस आंधळा होतो. मिस्तरीचा हात गेला तर काय उरतं?

चौथ्या वेळी घासून झाल्यावर त्यानं नळकांडं उभं धरलं आणि खालचं तोंड दाबलं. दट्ट्या थांबला नाही. सरळ खाली येऊन बोटावर आपटला.

घासून घासून तो सैल झाला होता. आता त्याच्या बाजूनं वाफ निसटणार होती. दोन वर्षांचा कणा म्हणावा असा तो भाग मोडीत निघाला.

दगडोबा तसाच बसून राहिला. मग उगाच, करायला काही नाही म्हणून, चाकाच्या दांड्यावर नख फिरवू लागला. नखाखाली काहीतरी आलं. पातळ, चिकट पापुद्रा. डोळ्यांना तो दिसण्यातला नव्हता. त्यानं नाकाशी नेला. वास ओळखीचा होता, रोज जेवताना येतो तो. करडईचं तेल!

इंजिनाला लावायचं तेल वेगळं असतं, ते कधी वाळत नाही. करडईचं तेल वाऱ्यावर राहिलं की आठ-पंधरा दिवसांत त्याची साय धरते आणि ती गोंदासारखी बसते. समईच्या बुडाला बसते ना, तीच. दट्ट्या पहिल्या दिवसापासून बरोबर होता. त्याला काही झालं नव्हतं. हातालाही काही झालं नव्हतं.

"धुरपता," त्यानं हाक मारली. हाक कशी निघाली ते त्याचं त्याला कळलं नाही, पण ती हातातलं पीठ न झाडताच बाहेर आली.

"ह्याला तेल कोन लावतं?"

"मी," ती म्हणाली. "सांच्याला दिवा लावते तवा दोन थेंब सोडते. आत बी, चाकाला बी. काहून?"

"कोनतं?"

"घरचं. पुसेगावाहून दादानं करडी धाडली होती, तिचं. चांगलं घान्याचं हाय."

घान्याचं हाय! दगडोबाच्या तोंडून त्या दिवशी जे निघालं ते गल्लीनं ऐकलं. सहा महिने वाया घालवलेस, म्हणाला. माझे डोळे खाल्लेस, म्हणाला. मातेरं केलंस, म्हणाला. इतकी वाक्यं तर तो तिच्याशी वर्षभरात बोलला नव्हता. धुरपताबाईनं ऐकून घेतलं. तिचे हात पिठानं पांढरे होते आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"लोखंडाला तेल लावू न्हाई तर काय लावू?" ती शेवटी म्हणाली. "तुमी त्याच्यासाठी इतके झुरून राहिले. कोरडं पडलेलं बघवत न्हवतं मला."

एवढं बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी चाकावर बसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दगडोबानं दुखऱ्या गुडघ्यानं खराद पायानं चालवून बघितला आणि भिंत धरून खाली बसला. राग केव्हाच उतरला होता. उरला होता तो नुसता शीण. चौथ्या दिवशी तो चुलीपाशी गेला.

"पितळेचा एक तुकडा उरला हाय," तो म्हणाला. "एकच दट्ट्या होईल त्याच्यात. मला आता लई दिसत न्हाई. तू येतीस का?"

धुरपताबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि उठली.

हा शेवटचा दट्ट्या नऊ दिवस चालला. दगडोबाला पितळेची कड नुसती पिवळी हलती दिसे, हत्यार कुठं टेकलं ते दिसत नसे. पण दोन वर्षं चाक फिरवून धुरपताबाईच्या हाताला एक गोष्ट कळू लागली होती, जी तिनं कधी बोलून दाखवली नव्हती.

"टेकलं," ती मागून म्हणायची. "जड झालं चाक." आणि घटकाभरानं, "सुटलं. हलकं झालं." दगडोबा तिच्या बोलण्यावर हत्यार आत घेई, बाहेर घेई. घरात इतकं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि सगळं जड-हलक्याचं! नवव्या दिवशी दट्ट्या नळकांड्यातून सावकाश उतरला, आणि दगडोबानं बोट लावताच अर्ध्यावर उभा राहिला. आता इंजिन पुसून कोरडं ठेवलं गेलं.

बायलर कय्युमनं करून दिला. कय्युम जिनिंगमधला आगवाला. दगडोबा इंजिनावर आणि कय्युम भट्टीवर, अशी दोघांनी उमर काढली होती. हंगाम नसला की कय्युम भांड्यांना कल्हई करी, त्यामुळे डाख लावण्यात त्याचा हात बसलेला. एका तांब्याच्या तांब्याचं तोंड पत्र्यानं बंद करून त्यानं कथलाचा डाख लावला, नळी बसवली, पाणी घालायला बुचाचं भोक ठेवलं, आणि खाली निखाऱ्यांसाठी लोखंडी तसराळं दिलं.

"पानी तळाला जाऊ देऊ नको," तो खोकत म्हणाला. "पानी हाय तवर डाख हाय. सुका पडला की सुटला."

"मला शिकवतो का रे? उद्या सकाळी वाफ धरतो. तू ये."

कय्युमनं दगडोबाकडे पाहिलं. "मैं नै आता," तो म्हणाला. "तुमचं दोघांचं हाय ते. तुमीच बघा."

दगडोबाला हे लागलं. पण म्हाताऱ्या माणसाचं काय, कधी कुठं अडून बसेल सांगता येत नाही, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

सकाळी त्यानं पडवी झाडून घेतली, पाटावर इंजिन मांडलं, निखारे पेटवले. धुरपताबाईला समोर बसवलं. ती पदर सावरून बसली, देवाला बसावी तशी. तांब्या आधी सुस्कारला, मग गुणगुणला. दगडोबानं खरं तेल मोजून सोडलं, तोटी उघडली आणि चाकाला बोट लावलं. दोन फेरे अडखळत गेले. इंजिनानं थोडं पाणी थुंकलं. आणि मग चाकानं बोट झिडकारलं आणि ते आपलं आपण धावू लागलं.

फक् फक् फक् फक्. दगडोबाला फक्त एक चमकतं वर्तुळ दिसत होतं, पण आवाज ऐकून त्याला आतलं सगळं दिसलं. दट्ट्या बरोबर होता. कुठं गळत नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याचं अंग हलकं झालं. आता फक्त ते वाक्य बोलायचं होतं.

"हे असं हाय, धुरपता," तो म्हणाला. "हे लहान हाय म्हणून तांब्याएवढं. ते घराएवढं होतं. एकदा वाफ भरली की मग नजर काढता येत न्हाई. मानूस उठून गेला, पानी उतरलं, तर..." त्यानं इंजिनाकडे हात केला. "ह्याला टाकून कसा येनार होतो मी त्या दिवशी?"

धुरपताबाई इंजिनाकडे बघत होती.

"कय्युमभाई होते की," ती म्हणाली.

दगडोबाचा हात तोटीवर होता तिथंच राहिला.

"मातीला आले होते ते. आंगनात रडले माझ्याम्होरं. म्हनले, भाभी, मी बोललो त्याला. दोनदा बोललो. तू जा, दोन घंटे मी देखतो. बारा बरस झाले, मला समदं येतं. त्यो उठलाच न्हाई."

चाक धावत होतं.

"तुला ठावं होतं?"

"त्याच दिवशी कळलं."

"आन बोलली न्हाईस?"

"तुमी सांगताल म्हनून वाट बघितली."

"मग हे..." दगडोबा तिच्याकडे वळला. "मग चाक काहून फिरवलंस दोन वर्सं? खांदा निखळस्तोवर?"

"तुमी कायतरी सांगायला बसले, येवढं कळत होतं मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो केव्हाच शिळा होऊन गेला होता. ती फक्त थकली होती. "म्हनलं, हे झालं की सांगतील. आन तुमी इंजिनाचंच सांगितलं."

ती पदर झाडून उठली आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली.

दगडोबा पाटापाशी एकटा राहिला. गुळगुळीत झालेल्या त्या उत्तरात आता हातात धरायलाही काही उरलं नव्हतं. तो ते किती वर्षं खरं मानत आला होता! इंजिनघरातला तो दिवस त्याला लख्ख दिसत होता, त्या आठवणीला मोतीबिंदू धरला नव्हता. कय्युम त्याचा दंड धरून म्हणत होता, जा, आणि दगडोबा काट्याकडे बघत बसला होता. काट्याला काही झालेलं नव्हतं.

समोर चाक धावत होतं. तांब्यातलं पाणी किती उतरलं असेल हे त्याला गुणगुणण्यावरून कळत होतं. आता निखारे ओढून घोटभर पाणी घालायला हवं होतं. त्याचा हात सवयीनं पाण्याच्या गडव्याकडे गेलाही.

मग तो भिंतीला धरून उठला आणि लंगडत आत गेला. वाफेवरचं इंजिन तसंच मागे टाकून. हे त्यानं जन्मात पहिल्यांदा केलं.

तो तिच्याशेजारी खाली बसला. बसताना गुडघ्यात कळ उठली.

"भ्यालो होतो मी," तो म्हणाला. "गुलाबसिंग पहिल्यांदा आला तवाच कळलं होतं, पोरगी राहत न्हाई. मला बघायचं न्हवतं. म्हनून बसून राहिलो. तुला एकलीला ते बघाया लावलं."

धुरपताबाई बाजूला सरकली नाही.

"सांग मला," दगडोबा म्हणाला. "मी न्हवतो तवाचं. समदं सांग."

मग अगदी हळू, कोणाला उठवू नये अशा आवाजात, तिनं सुरुवात केली. मंजुळेनं त्या दिवशी ताकात भाकर कुस्करून खाल्ली होती. वेणी घालून घ्यायला बसली आणि म्हणाली, आई, पोटात कसंतरी होतंय. मी म्हनलं, उन्हात नको जाऊ. चौदा वर्षांत मंजुळेचं नाव या घरात उच्चारलं गेलं नव्हतं, आणि आता ते तिच्या तोंडून पुन्हा पुन्हा येत होतं.

बाहेर इंजिनाचा आवाज बदलला. आधी वाढला, मग कोरडा झाला. धुरपताबाई बोलता बोलता थांबली. एवढं तिलाही कळलं.

"अवो, ते इंजिन..."

"राहू दे," दगडोबा म्हणाला. "तू सांग."

तडकल्यासारखा आवाज झाला, आणि पाठोपाठ लांब सुस्कारा. डाख सुटला होता. चाक आणखी काही फेरे रिकामंच फिरलं असेल, मग थांबलं. जळक्या कथलाचा वास आत आला. दगडोबा उठला नाही. तिच्या सांगण्यात अजून सकाळच होती, आणि मंजुळा पाणी मागत होती.